गुणसूत्रे ४५ आली आहेत : कॅरिओटाइपचा अहवाल कसा वाचावा?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. लग्नाला पाच वर्षे झाली असून पत्नीचे तीन गर्भपात झाले आहेत, तिन्ही नवव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान. तिसऱ्या खेपेनंतर चिपळूणच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांच्याही रक्ताचा कॅरिओटाइप, म्हणजे पेशींतल्या गुणसूत्रांची तपासणी, करून घ्यायला सांगितले. तोवर तिच्या थायरॉइडपासून गर्भाशयाच्या सोनोग्राफीपर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. माझी मात्र एकही झाली नव्हती, आणि ती व्हायला हवी असे माझ्याही मनात कधी आले नव्हते. आईने ग्रामदेवतेला कौल लावला तोसुद्धा सुनेच्या नावाने.

पहिला नमुना फुकट गेला. जवळच्या एका संकलन केंद्रात जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतले, बर्फाच्या पिशवीला टेकवून थर्माकोलच्या डब्यात ठेवले आणि शनिवारी दुपारी रवाना केले. परशुराम घाटात त्या दिवशी दरड आली होती, त्यामुळे डबा मुंबईला पोहोचायला सोमवार संध्याकाळ उजाडली. दहा दिवसांनी ‘पेशींची वाढ झाली नाही’ एवढी एक ओळ आली. दुसऱ्यांदा रक्त दिले आणि काल अहवाल हाती पडला. तिचा ४६,एक्सएक्स आहे. माझ्या अहवालात ४५,एक्सवाय,रॉब(१३;१४)(क्यू१०;क्यू१०) असे लिहिले आहे.

डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर डोके ताळ्यावर राहावे म्हणून विचारतो. माणसाला ४६ गुणसूत्रे असतात हे शाळेत शिकलो आहे. माझे एक कमी असून मी धडधाकट कसा? आणि आम्हाला मूल होऊ शकेल का?

भिंगाखाली

मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली सोळा वर्षे मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत हेच काम करते. आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. तुमचे काहीही हरवलेले नाही. तेराव्या जोडीतले एक आणि चौदाव्या जोडीतले एक अशी दोन गुणसूत्रे टोकाशी जुळून एक झाली आहेत, म्हणून मोजताना आकडा ४५ येतो. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांची एक भुजा अगदी आखूड, जवळजवळ गाठीएवढी असते. त्या आखूड भुजेवरची कामाची जनुके इतर गुणसूत्रांवरही अनेक प्रतींमध्ये असतात, त्यामुळे दोन गुणसूत्रे जुळताना त्या भुजा गळून पडल्या तरी शरीराचे काही अडत नाही. याला रॉबर्टसोनियन स्थानांतर म्हणतात (अहवालातले ‘रॉब’ ते हेच, आणि ‘क्यू’ म्हणजे लांब भुजा) आणि तुम्ही त्याचे संतुलित वाहक आहात, म्हणजे मांडणी बदलली तरी कमीजास्त काही झालेले नाही. नेमका तुमचाच १३-१४ हा प्रकार माणसांमध्ये सर्वांत जास्त आढळतो, साधारण तेराशे माणसांत एकाला. त्यातल्या बहुतेकांना तो जन्मभर कळतही नाही.

आता तुमचा पहिला नमुना का वाया गेला ते सांगते, कारण कोकणातून येणाऱ्या नमुन्यांची ही नेहमीची रड आहे. साखर किंवा हिमोग्लोबिन तपासताना रक्तातल्या पेशी पुढे जगल्या नाहीत तरी चालते. कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात, कारण गुणसूत्रे एरवी केंद्रकात सुताच्या गुंत्यासारखी पसरलेली असतात आणि पेशी दुभंगायला निघते त्या थोड्या वेळातच ती आवळून सुटी, ठसठशीत दिसतात. म्हणून रक्त हिरव्या बुचाच्या, सोडियम हेपारिनच्या नळीत घ्यावे लागते. जांभळ्या बुचाच्या नळीतले ईडीटीए हे रसायन पेशींची वाढ रोखते. बर्फाला टेकलेले रक्त गोठून पेशी फुटतात आणि मे महिन्यात एसटीच्या टपावर तापलेल्या डब्यातल्या पेशीही मरतात. साधारण घरातल्या तापमानाला, शक्यतो चोवीस आणि फार तर अठ्ठेचाळीस तासांत नमुना आमच्या हाती यायला हवा. शनिवारी तो कधीही पाठवू नये.

नमुना आला की अर्धा मिलिलीटर रक्त पोषक द्रवात घालतो आणि पांढऱ्या पेशी दुभंगायला लागाव्यात म्हणून त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन मिसळतो. हे प्रथिन राजम्याच्या जातीच्या घेवड्यातून काढतात. मग ३७ अंशांवर ७२ तास. शेवटच्या तासाभरात कोल्सेमिड नावाचे रसायन घालून पेशींना विभाजनाच्या ऐन मध्यात थांबवतो, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात त्या फुगवतो, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात स्थिर करतो आणि थेंब वरून ओल्या काचपट्टीवर सोडतो. थेंब फुटतो, पेशी पसरते. सगळी कारागिरी या पसरण्यात आहे. पावसाळ्यात हवा दमट असली की काचपट्टी लवकर वाळत नाही, गुणसूत्रे वाजवीपेक्षा लांब पसरतात आणि एका पेशीतले गुणसूत्र शेजारच्या पेशीत जाऊन बसते. मग मोजणारा ४५ आणि ४७ च्या घोळात पडतो. आमच्याकडे जुलैमध्ये काचपट्ट्या बनवण्याच्या खोलीत एअर कंडिशनर चालू असतो तो माणसांसाठी नव्हे.

पुढे ट्रिप्सिन (प्रथिने पचवणारे विकर) काही सेकंद, मग गिम्सा रंग. प्रत्येक गुणसूत्रावर काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि एका जोडीचे पट्टे दुसरीसारखे नसतात. हजारपट मोठे करून निदान वीस पेशी पाहतो. वीसपैकी एका पेशीत ४५ दिसले तर ती पसरण्यातली चूक असू शकते. तुमच्या विसाच्या वीस पेशींत तेच जुळलेले गुणसूत्र दिसले असणार, म्हणून एवढ्या ठामपणे लिहिले आहे.

केळीचे_बन

दापोलीकडे तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून राहवत नाही. भिंगाखाली ताईंनी ज्या कोल्सेमिडचा उल्लेख केला ते कोल्चिसिनचे भावंड आहे आणि कोल्चिसिन आपल्या कळलावीत असते. श्रावणात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ती वेल सगळ्यांनी पाहिली असेल. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या ज्या सूक्ष्म दोऱ्या तयार होतात, त्याच हे रसायन बनू देत नाही. काचपट्टीवर जे उपयोगी पडते तेच पोटात गेले तर जीव घेते, तेव्हा तिच्या कंदाच्या वाटेला कोणी जाऊ नये.

दुसरे उदाहरण परसातले. रानकेळीत २२ गुणसूत्रे असतात. आपण खातो त्या बहुतेक केळींत ती ३३, म्हणजे प्रत्येकाच्या तीन प्रती असतात. तिघांची जोडी लागत नाही, हिशेब चुकतो, म्हणून बी धरत नाही आणि आपण मुनवे लावत बसतो. धागाकर्त्यांच्या बाबतीत अडचण त्याच जातीची असली तरी फार सौम्य आहे. जोड्या लावताना एका ठिकाणी दोघांऐवजी तिघे उभे राहतात.

माणसाची गुणसूत्रे मोजणेही सोपे नव्हते. १९२३ पासून पुढची तीसहून अधिक वर्षे जगभरची पुस्तके ४८ हा आकडा छापत होती आणि भिंगातून पाहणाऱ्यांनाही ४८ च दिसत होती. १९५६ मध्ये त्यियो आणि लेवान या शास्त्रज्ञांनी स्वीडनमध्ये नीट पसरलेल्या पेशींत ४६ मोजली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र तीनदा असते हे लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये दाखवले. त्याच वर्षी टर्नर (मुलींत एक एक्स कमी) आणि क्लाइनफेल्टर (मुलांत एक एक्स जास्त) या सिंड्रोमांमागची गुणसूत्रेही कळली.

भिंगाखाली

सर, यात आणखी एक गंमत आहे. गुणसूत्रांना मोठ्यापासून लहानाकडे क्रमांक दिले आहेत, पण प्रत्यक्षात २१ हे २२ पेक्षा लहान आहे. चूक लक्षात आली तोवर ‘एकवीस’ हा आकडा डाऊन सिंड्रोमशी इतका जोडला गेला होता की क्रम तसाच ठेवला.

दवाखान्यातून

मी सिंधुदुर्गात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष सल्ला तुमचे डॉक्टर देतील, पण अहवालाचा अर्थ सांगायला हरकत नाही.

तुमच्या शुक्राणूंमध्ये तत्त्वतः सहा प्रकार संभवतात. एकात सारे सामान्य, एकात तुमच्यासारखे संतुलित, आणि उरलेल्या चारांत १३ किंवा १४ यांपैकी एकाची प्रत जास्त किंवा कमी. याचा अर्थ सहात चार वेळा बिघडणार असा मात्र नाही, कारण प्रत्यक्षात पुरुष वाहकांच्या बहुसंख्य शुक्राणूंमध्ये हिशेब बरोबर उतरतो. असंतुलित गर्भांपैकी १३ किंवा १४ ची एक प्रत कमी असलेले आणि १४ ची एक जास्त असलेले गर्भ सुरुवातीलाच गळतात. १३ ची एक प्रत जास्त असलेलाही बहुधा गळतो. क्वचित तो जन्माला येतो आणि त्याला पटाऊ सिंड्रोम असतो, जो अतिशय गंभीर आहे. तुमच्यासारख्या जोडप्यात असे मूल जन्मण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी धरतात. तेव्हा निरोगी मूल होऊ शकेल का, याचे उत्तर ‘हो’ असेच आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. तिन्ही गर्भपात यामुळेच झाले असे हा अहवाल सिद्ध करत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गळणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा काही ना काही दोष असतो आणि तो बहुतेक वेळा त्या एका गर्भापुरता, योगायोगाने झालेला असतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत तीन ते पाच जोडप्यांमध्येच दोघांपैकी एक जण संतुलित वाहक निघतो. खरे उत्तर गळलेल्या गर्भाच्या ऊतींच्या तपासणीतून मिळाले असते. आपल्याकडे त्या ऊती सवयीने फॉर्मालिनमध्ये टाकतात आणि तिथेच पेशी मरतात. गुणसूत्रे पाहायची असतील तर त्या निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवायला हव्यात, हे आधीच सांगून ठेवावे लागते.

पुढच्या गरोदरपणात अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून गर्भाचा कॅरिओटाइप करता येतो. गर्भ तुमच्यासारखाच संतुलित वाहक निघाला तर एक जादा तपासणी करून घ्यावी. कधी कधी चौदाव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आलेल्या असतात. संख्या बरोबर, पट्टे बरोबर, तरीही मुलात दोष येऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण कॅरिओटाइपमध्ये ते दिसत नाही.

सागरवेळ

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ठरते आहे. पत्रिका जुळली आहे. दोघांचा कॅरिओटाइप करून घेतला म्हणजे आनुवंशिक आजारांची काळजी मिटली, असे समजावे का?

भिंगाखाली

तसे समजू नका. कॅरिओटाइप म्हणजे विमानातून कोकण पाहण्यासारखे आहे. वाशिष्ठी दिसेल, जयगडची खाडी दिसेल, एखादा डोंगर ढासळला असेल तर तोही दिसेल. पण वाडीतल्या एका घराचे एक कौल फुटले आहे हे दिसणार नाही. साधारण पन्नास लाख ते एक कोटी अक्षरांएवढा तुकडा गळला किंवा वाढला तरच आम्हाला तो भिंगातून कळतो. थॅलॅसेमिया किंवा सिकल सेल या रक्ताच्या आजारांत एका जनुकातले एखादेच अक्षर बदललेले असू शकते. जवळच्या नात्यातल्या लग्नांत धोका वाढतो तो नेमका अशाच आजारांचा, कारण दोघांकडे आजी-आजोबांकडून आलेले तेच सदोष जनुक असू शकते. एकविसावे गुणसूत्र जास्त येण्याचा नात्यातल्या लग्नाशी असा संबंध नाही. तुम्ही आधी साधा रक्तगट-हिमोग्लोबिनचा तपास आणि थॅलॅसेमियासाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करून घ्या. घराण्यात कोणाला लहानपणापासून आजार असेल तर त्याचे नाव घेऊन जनुकीय समुपदेशकांना भेटा. नुसते ‘सगळे जनुकीय तपासून द्या’ असे म्हणून कोणतीही एक चाचणी मिळत नाही.

माई_आजगाव

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी डोळे आणि तळहातावरची रेघ पाहूनच सांगितले होते. तरी त्यांनी कॅरिओटाइप करायचा आग्रह धरला तेव्हा मला राग आला होता, कारण समोर दिसते आहे त्यासाठी पुन्हा पैसे कशाला घालवायचे? त्यांनी जे समजावले ते इथे लिहिते. चेहरा पाहून मुलाला काय आहे ते कळते. पुढच्या मुलाचे काय, ते कळत नाही. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव मुलांत एकविसावे गुणसूत्र सुटेच तिसऱ्यांदा आलेले असते आणि ते पेशीविभाजनातल्या एका चुकीमुळे होते. चारेक मुलांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून आलेले असते आणि तेव्हा आईबापांचा कॅरिओटाइप करावाच लागतो. आई १४-२१ ची वाहक असेल तर प्रत्येक खेपेला दहा ते पंधरा टक्के धोका असतो, वडील असतील तर बराच कमी. दोन एकविसावी एकमेकांनाच जुळलेली असतील तर जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला डाऊन सिंड्रोम असतो.

आमच्या मुलाचा अहवाल ४७,एक्सवाय,+२१ आला, म्हणजे सुटा प्रकार. माझे वय तेव्हा सव्वीस होते. या वयात बाराशेत एखाद्या बाळाला असे होते, पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एकाला, चाळिशीत शंभरात एकाला. तरी तरुण आयाच जास्त बाळंत होतात, म्हणून अशी मुले तरुण आयांच्या पोटीही पुष्कळ असतात. माझ्या सासरी ग्रहणात सुरी धरली म्हणून असे झाले, हे तीन वर्षे ऐकले. तो अहवाल मी कपाटात नव्हे, देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे, आणि कोणी ग्रहण काढले की तो बाहेर काढते.

सागरवेळ

आभार. हल्ली आईच्या रक्तातूनच गर्भाचे कळते म्हणतात, मग सुई घालून गर्भजल कशाला काढायचे?

दवाखान्यातून

ती एनआयपीटी. दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तात वारेकडून आलेल्या डीएनएचे तुकडे मोजून ती प्रामुख्याने २१, १८ आणि १३ यांचा अंदाज देते. अंदाज चांगला असला तरी तो अंदाजच असतो. धोका जास्त दिसला तर गर्भजलाची तपासणी करूनच निर्णय घ्यावा लागतो. मायक्रोअरे ही डीएनएची चाचणी कॅरिओटाइपला न दिसणारे, कमी किंवा जास्त झालेले लहान तुकडेही पकडते, परंतु धागाकर्त्यांसारखे संतुलित स्थानांतर तिला दिसत नाही, कारण तिथे कमीजास्त काहीच झालेले नसते, फक्त जागा बदललेली असते. जुनी चाचणी म्हणून कॅरिओटाइप मोडीत निघाली नाही, ती यामुळेच.

कोणी विचारण्याआधीच सांगतो. गर्भाच्या कॅरिओटाइपमध्ये लिंग दिसते, पण १९९४ च्या कायद्याने ते सांगता येत नाही आणि अहवालातही लिहिले जात नाही. ही तपासणीसुद्धा पस्तिशीपुढचे वय, दोन किंवा अधिक गर्भपात, घराण्यातला आजार अशा ठरावीक कारणांसाठीच आणि लेखी संमतीने होते.

खाडीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांची भेट झाली आणि त्यांनी जवळपास हेच सांगितले. संध्याकाळी आईला समोर बसवून कागदावर दोन रेघा जोडून दाखवल्या. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “म्हणजे तिचे काही नव्हतेच.” पत्नी स्वयंपाकघरात होती. तिने ऐकले की नाही ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलेही नाही.

नवा पेच असा आहे. डॉक्टर म्हणाले की हे जुळलेले गुणसूत्र बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून आलेले असते आणि तसे असेल तर माझ्या बहिणीतही ते असण्याची शक्यता निम्मी आहे. तिचे दोन वर्षांपूर्वी मालवणला लग्न झाले, अजून मूल नाही. वडील हयात नाहीत. तिला सांगितले तर सासरी काय अर्थ काढतील, ही भीती वाटते, आणि न सांगता तिच्या वाट्यालाही माझ्या पत्नीसारखी तीन वर्षे आली तर मी काय तोंड दाखवू?

दवाखान्यातून

तिला सांगा, पण तिलाच. सासरच्यांना सांगायचे की नाही आणि तपासणी करायची की नाही, हे तिने ठरवायचे. वाहक असणे हा आजार नाही, हे वाक्य तिला कागदावर लिहून द्या. आईंचीही तपासणी करा. त्यांच्यात हे आढळले तर मामा-मावश्यांच्या मुलांनाही कळवता येईल. त्या सामान्य निघाल्या तर ते वडिलांकडून आले असेल किंवा तुमच्यातच नव्याने घडले असेल.

माई_आजगाव

फोनवर सांगू नका. माहेरी बोलवा. जेवण झाल्यावर सांगा.

भिंगाखाली

आईंचा आणि बहिणीचा नमुना पाठवणार असाल तर सोमवार किंवा मंगळवारी पाठवा. दोन्ही नळ्यांवर नावे बॉलपेनने लिहा, शाईचे पेन दमटपणात पुसट होते. सोबत तुमच्या अहवालाची प्रत जोडा, म्हणजे भिंगातून पाहणाऱ्याला कुठे पाहायचे ते आधीच कळेल. गणपतीच्या आठवड्यात निम्मा कर्मचारीवर्ग गावी असतो, तेव्हा त्याआधीच पाठवलेले बरे.

खाडीकाठचा

बहीण रविवारी येऊन गेली. तिने मधे एकदाही न अडवता ऐकून घेतले आणि “दादा, रक्त कधी द्यायचे?” एवढेच विचारले. मंगळवारी चौघेही चिपळूणला गेलो. या वेळी केंद्र वेगळे होते, पण तिथल्या मुलाचा हातही आधी सवयीने जांभळ्या बुचाच्या नळीकडेच गेला. माझ्या पत्नीने त्याला थांबवले आणि हिरवी नळी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली. डब्यात बर्फ ठेवू दिला नाही. डबा रात्रीच्या गाडीने गेला आणि बुधवारी सकाळी पोहोचल्याचा निरोप आला.

अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतील. आईचा काय आला ते इथे लिहीन. बहिणीचा लिहिणार नाही.